वसईचा दगड

जुन्या गोव्यांत सेंट फ्रान्सिस झेवियरचें शव ज्या मंदिरांत ठेविलें आहे, त्या बॉम जेझसच्या दर्शनी भिंतीकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट कोणाच्याहि ध्यानांत येईल. ती भिंत दोन जातींच्या दगडांची आहे. तिचा मोठा भाग तांबड्या, सच्छिद्र जांभ्याचा आहे. परंतु खांब, दारांच्या व खिडक्यांच्या चौकटी आणि अगदीं वर, शिखराशीं, येशूच्या नांवाचीं आद्याक्षरें ज्यावर कोरलीं आहेत तो फलक, हें सारें काळसर, घट्ट आणि बारीक पोताच्या दगडाचें आहे. हा दगड गोव्याच्या आसपास मिळणारा नव्हे. तो उत्तरेकडून, चारशें किलोमीटरांहून अधिक अंतर समुद्रानें तोडून आलेला आहे. पोर्तुगीज लोक त्याला ‘पेद्रा द बासाईं’ म्हणत. म्हणजे वसईचा दगड.

वसईचें नांव निघालें कीं मराठी माणसास प्रथम चिमाजीअप्पा आठवतो, मग केळीचीं व फुलांचीं आगरें आठवतात, आणि मुंबईकरास आतां लोकलगाडीची गर्दी आठवते. वसई हें एके काळीं खाणीचें गांव होतें, हें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. खाण म्हणजे सोन्याची, कोळशाची किंवा लोखंडाची, अशी आपली समजूत झाली आहे. परंतु ज्या काळांत लोखंडी तुळया नव्हत्या आणि सिमेंट नव्हतें, त्या काळीं उत्तम घडणीचा दगड हीच राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें खनिज संपत्ति होती. आणि अशा दगडाचें हें गांव ज्या टापूंत होतें, तो टापू शतकानुशतकें वादांतला होता. गुजराथचा सुलतान, पोर्तुगालचा राजा, पुण्याचे पेशवे व मुंबईचे इंग्रज, ह्या चौघांनीं तो आपापला म्हणून मागितला, आणि चौघांनींहि तो कांहीं काळ भोगला.

गोव्याला इतक्या दुरून दगड कां आणावा लागला, हें समजण्यासाठीं थोडें भूगर्भांत उतरलें पाहिजे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पश्चिम भारतांत जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हां बाहेर आला, पसरला आणि निवाला. एकावर एक थर बसत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांखालीं झांकला गेला. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांत हे थर अजूनहि मोजतां येतात. ह्या निवालेल्या रसाचा जो दगड झाला तो काळवत्री. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. हा प्रचंड पसारा दक्षिणेकडे जातां जातां पातळ होत जातो आणि गोव्याच्या सीमेशीं बहुतांशीं संपतो. गोव्याची भूमि त्याहून कितीतरी पुरातन खडकांची असून तिच्यावर जांभ्याचें जाड कवच आहे.

जांभा हा बांधणाऱ्यास सोयीचा, पण कारागिरास निरुपयोगी दगड आहे. खाणींतून निघतांना तो इतका मऊ असतो कीं साध्या हत्यारानें त्याचे चिरे पाडतां येतात; वाऱ्यावर राहिला म्हणजे तो कठीण होतो. परंतु त्याच्या अंगीं सर्वत्र छिद्रें असतात. तो पाणी शोषतो, आणि बारीक नक्षी किंवा धारदार कोपरा त्याच्यांत टिकत नाहीं. म्हणून जांभ्याच्या भिंतीस गिलाव्याचें वस्त्र लागतें. बॉम जेझसच्या भिंतींसहि तें होतें. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून कीं काय, तें उतरविण्यांत आलें. तेव्हांपासून कोंकणचा पाऊस त्या उघड्या जांभ्याला झिजवीत आला आहे, आणि इ. स. २०२० सालीं जाणकारांनीं त्याविषयीं जाहीर चिंता व्यक्त केली. हें मंदिर इ. स. १५९४ त बांधावयास घेतलें व १६०५ त पूर्ण होऊन त्याची प्रतिष्ठा झाली. म्हणजे त्याच्या वसईच्या दगडानें चारशेंहून अधिक पावसाळे पाहिले आहेत. त्याला गिलावा कधींच नव्हता आणि त्याची त्याला गरजहि पडली नाहीं.

काळवत्रीचा हा टिकाऊपणा त्याच्या रचनेंत आहे. शिलारस निवतांना त्याचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात व पाण्यास शिरावयास जागा उरत नाहीं. असा दगड फोडावयास कठीण, पण एकदां फुटला म्हणजे टाकीखालीं प्रामाणिक असतो. दिलेला कोपरा तो सोडीत नाहीं. तो फोडण्याची जुनी रीत सुरुंगाच्या दारूची नव्हे. पाथरवट प्रथम खडकाची नैसर्गिक तड पाहून घेतो. मग तिच्या रोखानें टाकीनें ओळीनें भोंकें पाडावयाचीं, त्यांत लोखंडी पाचरी बसवावयाच्या आणि घणानें एकीमागून एक, पुन्हां पहिलीपासून, अशा सारख्या ठोकीत जावयाच्या. घणाचा आवाज बदलला कीं दगड आंतून सुटला असें समजावें. मग पहारींनीं तो अलग करावयाचा. ह्या रीतीनें दगड वेळ फार घेतो, पण अखंड निघतो. दारूनें उडविलेला दगड लवकर निघतो, पण त्याच्या अंगांत न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि खांबासाठीं तो निकामी होतो.

एवढ्यावर भागत नाहीं. एक घनफूट काळवत्रीचें वजन ऐंशी किलोंच्या आसपास भरतें. दहा फूट लांब व दोन फूट व्यासाचा अखंड खांब म्हणजे अडीच टनांचा ऐवज झाला. असा खांब बैलगाडीनें घांटाखालच्या वाटांवरून दूर नेणें जवळजवळ अशक्य. म्हणजे दगड कितीहि उत्तम असला तरी तो पाण्याजवळ नसेल तर त्याला गांवाबाहेर किंमत नाहीं. सह्याद्रींत काळवत्री कोठें नाहीं? पण वसईस तो समुद्राच्या हातीं होता. पूर्वेस तुंगार आणि कामणदुर्ग हे सुमारें दोन हजार फुटांचे डोंगर, दक्षिणेस उल्हास नदीची खोल खाडी, पश्चिमेस उघडा समुद्र. डोंगराचे पाय खाडीच्या पाण्यापर्यंत आलेले. भरतीच्या पाण्यावर पडाव डोंगराच्या पायथ्यापर्यंत येई आणि ओहोटीबरोबर माल घेऊन बंदरांत जाई. निसर्गानें डोंगर, खाडी आणि बंदर इतकीं जवळ क्वचितच ठेविलीं असतील.

ह्या टापूंत दगडावर हात चालविण्याची विद्या पोर्तुगीजांनीं आणिली असें मानण्याचें कारण नाहीं. वसईच्या शेजारचें सोपारें हें प्राचीन शूर्पारक. तेथें इ. स. १८८२ त पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. नवव्या लेखाचा तुकडा इ. स. १९५६ त मिळाला. त्याच १८८२ सालीं बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडांत पंडितजींनीं स्तूप उकरला, आणि त्याच्या पोटांत दगडाचा एक भला मोठा गोल करंडक निघाला. करंडकांत तांब्याची डबी, तिच्यांत चांदीची, अशा एकींत एक डब्या असून शेवटची सोन्याची होती. सोनें आंत आणि दगड बाहेर, हा क्रम लावणाऱ्या माणसांस कोणता पदार्थ कशासाठीं आहे हें ठाऊक होतें.

आतां वादाकडे वळावयाचें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं वसई गुजराथच्या सुलतानाकडे होती. इ. स. १५३३ त पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या ह्यानें तिच्यावर हल्ला करून तेथील तटबंदी पाडली. पुढल्याच वर्षीं दिल्लीचा हुमायून गुजराथवर येणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं आणि सुलतान बहादुरशहा कोंडींत सांपडला. एका शत्रूशीं लढतांना दुसऱ्यास शांत ठेवावें ह्या हिशेबानें त्यानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वयें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस देऊन टाकला. साष्टी आणि मुंबईचीं बेटें ह्याच व्यवहारांत गेलीं. मुंबईपासून दमणपर्यंतच्या ह्या पट्टीस पोर्तुगीज ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत. मराठी कागदांतून ती फिरंगाण म्हणून येते.

ह्या प्रांताचें मोल पोर्तुगीजांस केवळ लष्करी नव्हतें. गोवें ही राजधानी, पण तिच्या आसपास पुरेसें धान्य नाहीं, जहाजांजोगें लांकूड थोडें, आणि घडणीचा दगड तर जवळजवळ नाहींच. वसईच्या पट्टींत भात पिके, मिठागरें होतीं, तुंगाराच्या रानांत साग होता आणि डोंगरांत काळवत्री होता. इ. स. १६०८ पासून कांहीं काळ गोव्यांत राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल सांगतो कीं, गोव्याचें लांकूड आणि गोव्याचा दगड वसईहून येतो, आणि तेथल्याएवढे मोठे अखंड खांब त्यानें अन्यत्र पाहिले नव्हते. प्रवाशांच्या अतिशयोक्तीची सूट दिली तरी मुद्दा उरतोच. गोव्याचें जें वैभव पाहून युरोपीय लोक दिपून जात, त्याच्या दर्शनी अंगाचा चांगला हिस्सा ह्या उत्तरेच्या गांवांतून गलबतांनीं गेलेला होता.

वसईनें स्वतःसाठींहि दगड राखला. किल्ल्याचा आरंभ इ. स. १५३६ च्या सुमारास झाला. त्या सालचा एक शिलालेख गव्हर्नर नुनो द कुन्याच्या आज्ञेनें पहिला कप्तान गार्सिया द सा ह्यानें हा किल्ला बांधला असें सांगतो. १५५४ च्या दुसऱ्या लेखांत सां सेबास्तियांव नांवाच्या बुरुजाची नोंद आहे. डॉ. जे. गर्सन द कुन्या ह्या मुंबईच्या गोमंतकीय विद्वानानें इ. स. १८७६ त चौल व वसई ह्यांच्या इतिहासाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत ह्या गोष्टी विस्तारानें आहेत. तट तीस-पस्तीस फूट उंच, घेर सुमारें दीड मैल, दहा-अकरा बुरुज, एक दरवाजा जमिनीचा आणि एक समुद्राचा. आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचा मठ व मंदिर. एवढ्याशा जागेंत कमानींची इतकी दाटी झाली कीं ‘उत्तरेचा दरबार’ हें ह्या शहरास मिळालेलें नांव शोभून दिसे. शिलालेखांत गव्हर्नर आणि कप्तान ह्यांचीं नांवें आहेत. दगड काढणाऱ्याचें आणि घडविणाऱ्याचें नांव तेथें नाहीं. तटाच्या आंत राहण्याचा मान सरदार घराण्यांचा होता. कारागिरांचीं घरें बाहेर. म्हणजे ज्यानें दरवाजाची कमान जुळविली तो संध्याकाळीं त्याच कमानीखालून बाहेर पडत असे. ह्याच वसईंत इ. स. १५५७ त जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ त जपानमधील नागासाकी येथें धर्मासाठीं क्रुसावर मेला व पुढें १८६२ त संत ठरला; त्याचें मंदिर आजहि वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या भक्तीचें स्थान आहे.

ऱ्हास हळूहळू आला. इ. स. १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली आणि १६६५ त ती प्रत्यक्ष इंग्रजांच्या हातीं गेली. खाडीच्या दक्षिणेस नवें बंदर वाढूं लागलें. १६७४ त मस्कतच्या अरबांनीं वसईस उतरून तटाबाहेरचीं मंदिरें लुटलीं. १६९५ त आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी ह्यास शहराचा मोठा भाग प्लेगनें ओस पडलेला दिसला. तट मात्र जसाच्या तसा उभा होता.

ह्या तटाशीं मराठ्यांची गांठ पडली ती इ. स. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत. ठाणें व साष्टी प्रथम हातीं आलीं. वसई तेव्हां घेतां आली नाहीं. १७३९ च्या जानेवारींत माहीम, तारापूर वगैरे उत्तरेचीं ठाणीं घेऊन फेब्रुवारींत चिमाजीअप्पानें वसईस वेढा घातला. किल्ला तिन्ही बाजूंनीं पाण्यानें व दलदलीनें वेढलेला. जमिनीची वाट उत्तरेकडून, आणि ती वाळूची. तोफांनीं तट फुटेना. सरळ चढाई करावी तर वरून गोळ्या, हातगोळे, पेटते पदार्थ ह्यांचा वर्षाव होई. तेव्हां उरला उपाय एकच: जी भिंत फोडतां येत नाहीं तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यावयाची.

येथें मराठी भाषेची एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. खाणींत दगड उडविण्यासाठीं भोंकांत दारू ठासतात त्याला सुरुंग म्हणतात. आणि शत्रूच्या बुरुजाखालीं भुयार खणून दारू भरतात तोहि सुरुंगच. शब्द फार जुना. संस्कृतांत तो ‘सुरुंगा’ असा आढळतो आणि ग्रीक भाषेंतील ‘सिरिंक्स’, म्हणजे नळी, ह्या शब्दापासून तो आपणांकडे आला असें विद्वान् मानतात. दगड काढणें आणि किल्ला पाडणें ह्या दोन्ही कामांस हात एकाच जातीचा लागतो, हें भाषेनें ओळखलेलें आहे.

वाळूंत भुयार खणणें हें खडकांत खणण्याहून अवघड. खडक कठीण असला तरी उभा राहतो. वाळू पदोपदीं ढांसळते. शिवाय तटावरचे लोक स्वस्थ बसत नाहींत. ते खालीं चाललेल्या खोदकामाचा कानोसा घेतात आणि सामोरें खणीत येतात. वसईच्या वेढ्यांत कित्येक सुरुंग वेळेवर उडाले नाहींत, कांहीं भलत्या जागीं उडाले आणि आपल्याच माणसांच्या अंगावर उलटले. खिंडारांतून आंत घुसणारे लोक वरून कोसळणाऱ्या दगडांखालीं गाडले गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यांत निकराचा हल्ला झाला आणि सुरुंगांनीं रेमेदियोस व सां सेबास्तियांव ह्या उत्तरेकडील बुरुजांस खिंडारें पडलीं. सां सेबास्तियांव म्हणजे तोच, १५५४ च्या लेखांतला. ‘किल्ला हातीं येत नसेल तर माझें मस्तक तोफेला बांधून आंत उडवा’ असें अप्पा म्हणाल्याची कथा घरोघर सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, वेढा किती निर्वाणीस गेला होता हें तिच्यावरून समजतें.

आंतल्या लोकांनींहि शर्थ केली. त्यांचा कप्तान पडला. दारू-गोळा आणि पैसा संपत आला. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली तेव्हां त्यांनीं मंदिरांतील चांदीचीं उपकरणीं गहाण ठेवून घेऊन कर्ज दिलें. इंग्रजांस पोर्तुगीजांचा लोभ नव्हता, पण मराठे खाडीच्या पलीकडल्या तीरावर येऊन बसावेत हेंहि नको होतें. १६ मे १७३९ रोजीं शरणागतीचा तह झाला. सैन्यास सन्मानानें, बायकामुलांसह बाहेर जाऊं दिलें गेलें, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक मिळाली, आणि २३ मे रोजीं पोर्तुगीजांनीं वसई सोडली. वेढ्यांत मराठ्यांचे हजारों लोक कामास आले. विजयाची बखर वाचतांना हा आंकडा जितका टोंचावयास पाहिजे तितका टोंचत नाहीं.

मंदिरांतल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून निघाल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची घंटा वसईच्या ह्या विजयाशीं जोडली जाते. घंटा हलविण्याजोगी असते. बुरुज जागींच राहतो. पुढें इ. स. १७८० च्या डिसेंबरांत इंग्रजांच्या जनरल गॉडर्डनें किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो मराठ्यांस परत मिळाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं ह्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य लिहून दिलें. १८१८ नंतर वसईसाठीं कोणी भांडेनासें झालें, कारण भांडावयास इंग्रजांखेरीज कोणी उरलाच नाहीं. तटाच्या आंत झाडें वाढलीं, कमानींवर पिंपळ रुजले. इ. स. १८६४ त मुंबईहून गुजराथकडे आगगाडी निघाली तिनें किल्ल्यापासून कांहीं मैल पूर्वेला आपलें स्टेशन केलें आणि गांवाचा ओढा तिकडे गेला. मुंबईच्या नव्या भव्य इमारतींस मालाडचा पिंवळसर व कुर्ल्याचा दगड जवळ सांपडला. वसईच्या खांबांचा काळ संपला.

परंतु खाण संपली नाहीं. तिचें रूप मात्र पालटलें. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या नगरपालिका आणि भोंवतालचीं गांवें मिळून ३ जुलै २००९ रोजीं वसई-विरार महानगरपालिका झाली. इ. स. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. १ ऑगस्ट २०१४ पासून ती नव्या पालघर जिल्ह्यांत आहे. इतक्या माणसांचीं घरें सिमेंट-काँक्रिटचीं, आणि काँक्रिटच्या एकूण आकारमानाचा सुमारें पाऊण भाग खडी आणि वाळू असतो. नदीची व खाडीची वाळू दुर्मिळ झाली तेव्हां तिच्या जागींहि दगडच दळून घातला जाऊं लागला. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पूर्वेस, त्याच जुन्या डोंगरांच्या पायथ्याशीं, खडीच्या खाणी निघाल्या.

दोन खाणींतला फरक केवळ यंत्रांचा नव्हे. खांबासाठीं दगड काढणारा पाथरवट तड पाहून, निवडून, एक चिरा काढी आणि शेजारचा नापसंत खडक तसाच ठेवी. त्याची भूक मंद होती, कारण प्रत्येक चिऱ्यास महिन्यामहिन्याची मेहनत होती. खडीला निवड नाहीं. चांगला, वाईट, चिरलेला, सडका, सगळा कातळ सुरुंगानें उडवून क्रशरच्या जबड्यांत घालतां येतो. म्हणून ती खाण डोंगर कोरीत नाहीं, गिळते. बंद पडलेल्या खाणींत पावसाचें पाणी सांचून खोल डोह बनतात, आणि पोहावयास उतरलेलीं मुलें त्यांत बुडाल्याच्या बातम्या पावसाळ्यांत येतात. दगड फोडण्याच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेल्या वडार समाजांतील माणसें मुंबईच्या आसपासच्या खाणींतून राबलीं. क्रशरची धूळ त्यांच्या आणि नंतर आलेल्या मजुरांच्या छातींत जाते.

कायद्यानें हा दगड ‘गौण खनिज’ आहे. इ. स. १९५७ च्या खाण-कायद्यानें इमारती दगडास त्या वर्गांत घातलें आणि त्याचा बंदोबस्त राज्यांकडे सोंपविला. लहान खाणींस पर्यावरणाची परवानगी लागत नसे, ती लागली पाहिजे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ त ठरविलें, आणि महाराष्ट्राचे नवे गौण खनिज नियम २०१३ त आले. तुंगारेश्वरच्या रानास २००३ त अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. २०१९ त त्याच्याभोंवतीं संवेदनशील पट्टा जाहीर झाला आणि त्यांत नव्या खाणीस मज्जाव आहे. म्हणजे ह्या टापूचा वाद मिटलेला नाहीं. वादी बदलले आहेत. पूर्वीं राजे भांडत होते. आतां घर मागणारा, रस्ता मागणारा, विहिरीचें पाणी मागणारा आगरकर, रान मागणारा आदिवासी आणि पाड्यावरची मजुरी मागणारा असे सगळे त्याच डोंगराकडे बोट दाखवितात, आणि विशेष हें कीं पुष्कळदां हे सगळे एकाच माणसांत सांपडतात. खडीवर बंदी मागणारा गृहस्थ स्वतः काँक्रिटच्याच घरांत बसून अर्ज लिहितो. म्हणून त्याचा अर्ज खोटा ठरत नाहीं. पण डोंगराचा हिशेब त्याच्याहि खात्यावर मांडला पाहिजे.

गोव्यास गेलेल्या दगडावर वसईचें नांव राहिलें. खडीवर कोणत्याच गांवाचें नांव राहत नाहीं. ती ज्या क्षणीं काँक्रिटमध्यें मिसळते त्या क्षणीं ती कोठली होती हें विचारण्याचें कारणच संपतें, आणि डोंगर उणा झाला हें फक्त त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास कळतें.

वसईचा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. त्याच्या कमानी पाचरीच्या आकाराच्या चिऱ्यांनीं, एकमेकांच्या भारावर उभ्या आहेत. अशा कमानींतला एक चिरा निखळला कीं शेजारचे दोन सैल होतात. त्या फटींत पिंपळाचें मूळ शिरतें आणि दोनचार पावसाळ्यांत सबंध फेर खालीं येतो. तो वेळेवर बसवावयाचा तर खडी किंवा सिमेंट उपयोगाचें नाहीं. सिमेंट जुन्या चुन्याशीं एकजीव होत नाहीं. त्याच्या मागें पाणी कोंडतें आणि भिंत आंतून फुगते. तेथें भिजवून मुरविलेला चुना लागतो, आणि तड पाहून फोडलेला, दोन्ही अंगांनीं बरोबर उतार दिलेला काळवत्रीचा अखंड चिरा लागतो.